बिनदाराची खोली

ठिणगीच्या नकाशात पुन्हा ती खोली निघाली आणि या खेपेला साहेब ओरडले नाहीत. तेच वाईट होतं. साहेब ओरडले की समजायचं, प्रकरण मिटलं. गप्प बसले की समजायचं, आपलं काही खरं नाही.

त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. एका कोपऱ्यावर पेपरवेट, एकावर चष्म्याचं घर, एकावर चहाचा कप आणि उरलेल्या कोपऱ्यावर स्वतःचं कोपर. मग पेन्सिलीचं टोक स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीच्या मधोमध टेकवलं.

"हे काय आहे?"

ठिणगी वाकली. तिथं एक चौकोन होता. चार भिंती, जाड रेघेच्या, कोपरे अगदी काटकोनात. दार नाही, खिडकी नाही, आत नाव लिहिलेलं नाही.

"हे मी काढलंय?"

"नाही, मी काढलं. काल घरी जाता जाता, गंमत म्हणून."

मागं प्रिंटवाला मशीनमधून नकाशांच्या निळ्या प्रती काढत होता. अमोनियाच्या वासानं त्याचे डोळे कायम पाणावलेले असायचे, त्यामुळं तो हसला तरी रडल्यासारखा दिसायचा. "साहेब, भुताला भाड्यानं द्यायची असेल," तो म्हणाला. "त्याला कुठं दार लागतं!"

"तू तुझं मशीन बघ," ठिणगी कडाडली, "नाहीतर तुलाच त्यात घालून निळा काढीन."

ठिणगी हे नाव तिच्या दादानं ठेवलेलं, लहानपणी. ऑफिसात ते कसं पोचलं कुणास ठाऊक, पण पोचलं आणि चिकटलं. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असायचा, शिंक आली तरी खाली पडेल असा. तरी साहेबांनी तिला इतकी वर्षं सांभाळली, कारण तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिची रेघ सुरू व्हायची तिथं सुरू व्हायची आणि संपायची तिथं संपायची. लोकांना आपलं घर कसं हवंय ते धड सांगताही येत नाही. ते नुसते हातवारे करतात, आणि ठिणगी त्या हातवाऱ्यांतून घर काढायची. दुसरं काही तिला येत नव्हतं आणि दुसरं काही तिला नकोच होतं.

ही खोली पहिल्यांदा निघाली एका दुकानदाराच्या घरात. चुकून झालं म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा निघाली एका दवाखान्यात, आणि तिथं तर गवंड्यानं तीन भिंती कमरेपर्यंत आणल्यावर निरोप धाडला, की बाई, चौथी भिंत मी आतून बांधू की बाहेरून? आतून बांधली तर मला जेवण कोण देणार?

त्यावर ऑफिस आठवडाभर हसलं होतं. ठिणगी नव्हती हसली. कारण खरं सांगायचं तर तो चौकोन काढल्याचं तिला आठवतच नव्हतं. हात चालायचा, डोकं भलतीकडं असायचं आणि मग चौकोन तिथं बसलेला दिसायचा, जसा काही तो आधीपासूनच तिथं होता.

"ऐक," साहेब म्हणाले. "एक नवरा-बायको आहेत. पहिलंच घर बांधतायत. सोमवारी येणारेत. नकाशा तूच काढ. पण त्यात हे निघालं ना, तर तू मंगळवारपासून प्रिंटच्या मशीनवर. मला लोकांची घरं बांधायचीत, कोडी नाही घालायची."

ठिणगीच्या तोंडचं पाणीच पळालं. मशीनवर! म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा दिवसभर निळ्या करत बसायच्या.

"आणि माझ्या बहिणीच्या ओळखीच्या एक मनाच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांना भेटून ये."

"मी वेडी आहे का?"

"वेडी असतीस तर सोपं होतं. हे तुझ्या हातातून येत नाहीये. कुठून तरी भलतीकडून येतंय. कुठून ते बघून घे."

डॉक्टरीणबाईंची खोली ठिणगीला पायरीवरूनच आवडली नाही. दार आत उघडत होतं आणि उघडलं की कोचाच्या पायाला आपटत होतं. म्हणजे ज्यानं खोली काढली त्यानं कोच धरलाच नव्हता. कोच लांबट, उशीवर पांढरा कागदी रुमाल, प्रत्येक माणसाला नवा. आणि बाईंची खुर्ची डोक्याच्या मागं. आपण आडवं पडायचं, छताकडं बघायचं आणि न दिसणाऱ्या बाईशी बोलायचं.

"तुम्ही समोर का बसत नाही?"

"समोर बसले की माणसं माझ्या तोंडाकडं बघून बोलतात," मागून आवाज आला. मऊ, पण झोपलेला नाही. "तुम्हाला जे सुचेल ते बोला."

"छताला ओल आलीय."

"हं."

"वर कुणाचं न्हाणीघर आहे का?"

"हं."

ठिणगीच्या डोक्यात तिडीक गेली. हिला हं म्हणायचे पैसे मिळतात! पण उठली नाही. सोमवार आठवला. तिनं मग सगळं सांगितलं. दुकानदार, दवाखाना, गवंडी, साहेबांचं कोपर.

"घराचं मनाशी काहीतरी नातं असतं," बाई म्हणाल्या. "काही वेळा मनातली एखादी जागा आपल्यालाच माहीत नसते. आपण राहतो वरच्या खोल्यांत आणि सामान असतं खाली."

"म्हणजे तळघर?"

"तसं म्हणा."

"तळघर असेल तर पाणी झिरपणार. ते काढायची सोय काय?"

मागं खुर्ची करकरली. बाई हसल्या असाव्यात. "स्वप्नांतून थोडं निघतं. चुकांतून थोडं. पण तुमच्या घरांपेक्षा ती जागा वेगळी असते. तिथं काल आणि आज शेजारी शेजारी बसतात. एकाच जागी दोन खोल्या असू शकतात."

"एकाच जागी दोन खोल्या? असला नकाशा कोण पास करणार?"

"कुणीच करत नाही. म्हणून तर तो चोरून निघतो."

ठिणगी उठून बसली आणि उशीवरचा कागदी रुमाल चुरगळू लागली. तिची चुळबुळ बघून बाईंनी फळी, कागद आणि पेन्सिल पुढं केली. "आडवं पडून बोलता येत नसेल तर बसून काढा. लहानपणचं घर काढून दाखवा."

हे बरं झालं. हातात पेन्सिल आली आणि ठिणगीचा जीव भांड्यात पडला.

दोन खोल्यांचं घर. पुढची आणि मागची. काढता काढता ती त्या घरात शिरलीच. पुढच्या खोलीत बाबांच्या शर्टाचा खिळा, ज्याच्यावर शर्ट नसला तरी खांद्यांचा मळका ठसा भिंतीवर असायचा. मग खिडकीचा कट्टा. दुपारी तो इतका तापायचा की शेजारची मांजर तिथं येऊन भाकरीसारखी फुगून बसायची. मागच्या खोलीत नळ. तो सुटायच्या आधी घसा खाकरायचा आणि आई लांबूनच म्हणायची, आले आले. दारापाशी एक फरशी होती, भर उन्हाळ्यातही गार. त्या फरशीवरून दादाशी रोज मारामारी. बाहेर पोरांचा चेंडू भिंतीवर आपटतोय, धप, धप, आणि आत सगळं कसं पिवळं पिवळं. ठिणगीला ते घर आठवून किती वर्षं झाली होती! तिथं आता दुसरेच लोक राहत होते. त्यांनी नळ बदलला असेल. नवा नळ खाकरत नसणार.

"झालं," ती म्हणाली. "बघा. दोन खोल्या. तो चौकोन यात कुठंच नाहीये."

बाईंनी कागद घेतला. मागच्या खोलीत एका ठिकाणी बोट टेकवलं. मग विचारलं, "हे काय?"

"कपाट. लाकडी. मोठं होतं."

"भिंतीपासून लांब काढलंय."

"लांबच होतं."

"का?"

"का म्हणजे? तसंच होतं!"

"मागं काय होतं?"

"भिंत होती. मागं काय असणार?"

"आणि भिंत अन् कपाटाच्या मध्ये?"

ठिणगीनं तोंड उघडलं आणि तिला एकदम दिसलं, की तिला माहीत नाहीये. घरातल्या फरशीची चीर माहीत होती, खिळा माहीत होता. आणि हे माहीत नव्हतं. कानशिलं तापली.

"तुम्हाला लोकांच्या कपाटामागं डोकवायची फार हौस आहे हो!" म्हणत ती उठली, चप्पल अर्धीच पायात सरकवली आणि दार खसकन ओढलं. दार कोचाला लागून तिथंच थटलं. जिथं दारसुद्धा धड उघडता येत नाही ती कसली खोली!

रविवारी ती दादाकडं गेली. काखेत नकाशाची गुंडाळी आणि पिशवीत शाईची पेनं. नवरा-बायकोचं घर पेन्सिलीनं काढून झालं होतं, वर शाई फिरवायची बाकी होती. घरी एकटीनं शाई करायची तिला भीती वाटत होती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

दादा बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशीही खुर्चीतून उठायच्या आधी मागं बघून घ्यायचा, कुणी चढतंय का. वहिनी माहेरी गेलेली. आई आत चहा टाकत होती.

"दादा, आपल्या घरी ते कपाट होतं ना, मागच्या खोलीत..."

"ज्याच्यात तू मला कोंडलं होतंस?"

"तू मला कोंडलं होतंस. ते जाऊ दे. त्याच्या मागं काय होतं?"

"आईची खोली."

दादानं हे इतकं सरळ सांगितलं, जसं काही ती वेळ विचारतेय.

"कसली आईची खोली? दोनच खोल्या होत्या!"

"अगं, खोली म्हणजे काय, कपाट आडवं लावलेलं, एका बाजूनं जुन्या चादरीचा पडदा. दुपारी सगळं आवरलं की आई आत जायची आणि पडदा ओढायची. मी बाहेर बसायचो पहाऱ्याला. कुणी आलं तर सांगायचं, आई नाहीये. एकदा पोस्टमन आला, मी म्हणालो आई नाहीये, आणि आई आतून शिंकली." दादा हसला. मग हसू जरा वाकडं झालं. "मला एकदाही आत घेतलं नाही हिनं. एकदाही नाही."

ठिणगीला वाटलं, सापडलं. म्हणजे आई आत आणि आपण बाहेर. म्हणूनच दार नाही. आईला आपला इतका कंटाळा यायचा?

"आणि मलाही नाही," ती म्हणाली.

दादानं तिच्याकडं अशी नजर टाकली, जणू ती सुट्टे न देता बसमधून उतरतेय.

"तुला? तू तर आतच असायचीस की."

आई चहा घेऊन आली तेव्हा दोघं भांडत होती. तिनं कप ठेवले. पोरांनी पन्नाशीला टेकल्यावरही असंच भांडायचं हे तिनं गृहीत धरलेलं होतं.

"काय झालं गं?"

"कपाटामागं मी असायचे का?"

आई खाली बसली. एकदम तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, जसं कुणी जुन्या मैत्रिणीचं नाव घ्यावं. "अय्या, ते! तुला कुठून आठवलं?"

"आठवत नाहीये. म्हणून तर विचारतेय."

"कसं आठवणार! तू झोपल्याशिवाय मला जाता यायचं नाही. झोपलीस की खांद्यावर टाकायचे आणि आत जायचे. एक स्टूल होतं. त्याच्यावर मी, माझ्यावर तू. पुढं कपाटाची पाठ, मागं भिंत. जागी व्हायचीस ती तिथंच. आत कधी आलीस आणि बाहेर कधी गेलीस, तुला पत्ताच नसायचा. बाहेर न्यायचे तेही झोपेतच."

ठिणगीच्या हातातला कप तसाच राहिला. म्हणजे तिला दार ठाऊकच नव्हतं. ती कधी आपल्या पायानं तिथून आत शिरली नव्हती की बाहेर पडली नव्हती.

"काय करायचीस गं आत? रडायचीस?"

"रडायला कपाट कशाला लागतं? रडायचं ते भांडी घासताना, वेळ वाचतो." आई चहा फुंकत म्हणाली. "आत नुसती बसायचे. कपाटाच्या पाठीचं लाकूड उघडंच होतं, पॉलिश नसलेलं. त्याचा वास यायचा. चेंडूचा आवाज यायचा बाहेरून. कुणी आई म्हणत नव्हतं, सूनबाई म्हणत नव्हतं, अगं ऐकलंस का म्हणत नव्हतं. बस्स."

"आमचा कंटाळा यायचा ना?"

"यायचा की!" आई म्हणाली. "तुम्हाला माझा नाही यायचा?"

"बघ!" दादा उसळला. "आणि मग हिला कशी नेलीस आत?"

आईनं त्याच्याकडं बघितलं. "ती झोपलेली असायची रे. झोपलेलं पोर म्हणजे काय, उशीच. तू जागा. तू आत आला असतास तर शंभर प्रश्न विचारले असतेस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि बाहेर तू होतास, म्हणून मला आत निवांत बसता यायचं. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर बसले नसते मी."

दादा एकदम उठला. मागं न बघता. खिडकीपाशी जाऊन रस्त्यावर बस आलीय का बघू लागला. तिथून बस जात नव्हती.

"मग ते गेलं कधी?" ठिणगीनं विचारलं.

"तुझे काका राहायला आले ना नोकरीसाठी. त्यांच्या खाटेला जागा पाहिजे. बाबांनी आणि काकांनी मिळून कपाट ढकललं भिंतीला. झोपून उठलीस आणि काय तमाशा केलास! कपाटाची दारं उघडलीस, सगळे कपडे ओढून बाहेर काढलेस आणि आत शिरून कपाटाच्या पाठीवर बुक्क्या मारत बसलीस. कुणाला कळेना पोरीला काय हवंय. मला कळलं होतं. पण सांगणार कुणाला आणि काय? बाबा म्हणायचे, ही त्या दिवसापासून रागीट झाली."

"खरंच?"

"छे! तू जन्मतःच तशी होतीस. पाचवीच्या पूजेला सगळी झोपली होती, तू ओरडत होतीस."

तिघंही हसली. मग दादा खिडकीतूनच म्हणाला, "आई, इथं करू या का तुला तसं? तो फ्रिज सरकवतो. पडदा लावू."

"आता कशाला?" आई म्हणाली, अगदी सहज. "सकाळी तू आणि सूनबाई कामाला गेलात की अख्खं घरच तसं असतं. मीच जिन्यात जाऊन उभी राहते, कुणी दिसतंय का बघायला."

आईनं कप गोळा केले आणि आत नेले. नळाचं पाणी मुकाट्यानं पडत राहिलं.

ठिणगीनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. शाईचं पेन झटकलं. आधी बाहेरच्या भिंती, मग जिना, मग पुढची खोली. ऊन टेबलावरून सरकत होतं. आई समोर येऊन बसली होती आणि पेनाच्या टोकाकडं बघत होती, बोलत नव्हती. स्वयंपाकघर आलं. हात छान लागला होता, रेघेमागून रेघ, आणि ठिणगीचं डोकं कुठल्या कुठं गेलं, उघड्या लाकडाच्या वासापाशी, कुणाच्या तरी मोठ्या ऊबदार खांद्यापाशी.

तिचा हात थांबला. तीन भिंती झाल्या होत्या. चौथी अर्ध्यावर आली होती. आजवर तिनं ती येताना कधी पकडली नव्हती.

"थांबलीस का?"

"आली," ठिणगी म्हणाली.

"कोण?"

"तुझी खोली."

आईनं चष्मा लावला आणि नकाशावर वाकली. बोटानं चौकोन चाचपला, शाई ओली होती ती बोटाला लागली.

"एवढी मोठी? आपली याच्या निम्मीसुद्धा नव्हती गं. मी गुडघे मुडपून बसायचे."

"मला एवढीच वाटत होती."

"तुला वाटणारच. एवढीशी तर होतीस." आई बोटाची शाई पदराला पुसत म्हणाली, "कुणाचं घर आहे हे?"

"आहेत एक नवरा-बायको. नवीन."

"मग नको ही इथं. तिला पाहिजे असेल तेव्हा ती कपाट सरकवेल. ती कुणी आधी काढून द्यावी लागत नाही. आणि काढून दिलेल्या खोलीत कुणी सुखानं बसू देईल होय? लगेच धान्याचे डबे येतील."

ठिणगीनं पिशवीतून ब्लेड काढलं. शाई वाळू दिली. मग पहिली भिंत खरवडायला घेतली. हलक्या हातानं, कागद फाटू नये म्हणून ब्लेड आडवं धरून. काळी भुकटी निघत होती. आई वाकून ती फुंकत होती, एका बाजूला, बेतानं. दुसरी भिंत. तिसरी. अर्धी राहिलेली चौथी. दादा मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, जरा थांबायचं होतंस ना. मला नीट बघायची होती." आणि ठिणगीनं ब्लेड धरलेला हात उचलला, पण तोवर काही उरलं नव्हतं. उजेडापुढं कागद धरला तेव्हा मात्र चौकोन दिसला. खरवडलेल्या जागी कागद पातळ झाला होता आणि तिथून ऊन जास्त येत होतं. दादानं तसा धरूनच बघितला, हात दुखेपर्यंत.

सोमवारी साहेबांनी नकाशा उलटासुलटा करून बघितला. चष्मा काढून बघितला, लावून बघितला. नवरा-बायको समोर बसली होती, एकमेकांच्या हातावर हात ठेवून. बायको स्वयंपाकघराकडं बघत होती आणि मधेच नवऱ्याला काहीतरी पुटपुटत होती. साहेबांनी ठिणगीकडं बघून भुवई उडवली. मग म्हणाले, "छान. पुढचं काम घे. एका दंतवैद्याचं घर आहे."

प्रिंटवाल्यानं मागून आवाज दिला, "काय गं, भुतानं घर सोडलं?"

एरवी तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. आज नुसती हं म्हणाली. नवा कागद ताणून बसवला, कोपरे चिकटवले, दंतवैद्याच्या घराची पहिली रेघ मारली. हात बरोबर चालत होता आणि डोकंही हातापाशीच होतं. तिला मात्र दिवसभर असं वाटत राहिलं, की आपण घरून निघताना काहीतरी विसरून आलोय.